दिवस हाताशी ठेवा

मागच्या अंकात मनाली ते लेह या सायकलप्रवासावर लिहिलं आणि महिनाभर पत्रं येत राहिली. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न घेतले आहेत. पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते : मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि २०११ पासून चार वेळा या रस्त्यानं सायकलवर गेले आहे.

ताई, आम्ही चौघं मित्र, वय २६ ते २९. दर रविवारी सिंहगड चढतो, दोनदा पुणे-गोवा केलं आहे. नऊ दिवसांची रजा मिळते आहे. सात दिवसांत मनाली-लेह करायचा बेत आहे. एवढी तयारी पुरेल का?
– एक वाचक, चिंचवड

तयारी पुरेल, दिवस पुरणार नाहीत.

पायांची काळजी सोडा. हा रस्ता लष्कराचे भरलेले ट्रक चढावेत म्हणून सीमा सडक संघटनेनं बांधला आहे, त्यामुळे चढ लांबच लांब असला तरी बेताचा आहे. सिंहगडाची काही वळणं त्यापेक्षा खडी आहेत. पण सिंहगडाची उंची १३१२ मीटर, आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच कळसूबाई १६४६ मीटर, आणि तुम्हाला ओलांडायचा आहे तो टांगलांग ला ५३२८ मीटर ('ला' म्हणजे खिंड). तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर आलेला असतो. हवेतला ऑक्सिजनचा वाटा तोच, २१ टक्के. पण हवाच विरळ, त्यामुळे एका श्वासात हाती लागतो तो अर्धा. याची सवय शरीराला तिथे राहूनच होते. महाराष्ट्रात कितीही घाट मारले तरी ती होत नाही. तुमच्यासारख्या तंदुरुस्त मुलांची मला जास्त काळजी वाटते, कारण तुमचे पाय तुम्हाला एका दिवसात इतकं वर नेऊन सोडतात की रक्ताला आणि फुप्फुसांना तिथवर पोचायला वेळच मिळत नाही.

माझंच सांगते. २०११ साली मी आणि धाकटा भाऊ पहिल्यांदा गेलो. रोहतांगच्या चिखलात एक दिवस गेला होता, तो भरून काढायचा म्हणून जिस्पाची विश्रांती रद्द केली आणि जिस्पाहून बारालाचा ला चढून थेट सरचू गाठलं. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. भाऊ माझ्या पुढे तासभर होता, अगदी खुशीत. जिस्पा ३२०० मीटरवर, सरचू ४२९० वर. एका रात्रीत मुक्काम जवळजवळ अकराशे मीटर वर नेला आम्ही. रात्री त्याचं डोकं ठणकायला लागलं. दोन वाजता उलटी झाली. मी गोळी दिली, म्हटलं थकवा असेल. पहाटे ढाब्याची मालकीण चूल पेटवायला उठली. तिथे वयानं मोठ्या बाईला 'आमा-ले' म्हणतात. आमा म्हणजे आई, आणि 'ले' हे आपल्या 'अहो'सारखं आदराचं. तिनं भावाला तंबूबाहेर उभं केलं आणि जमिनीवरच्या दोरीकडे बोट दाखवलं : या दोरीवरून चाल, टाचेला बोटं लावून. तो तिसऱ्या पावलाला कडेला गेला. पुन्हा चालवलं, पुन्हा गेला. तिनं मला नाश्ता विचारला नाही की काही नाही, रस्त्यावर जाऊन मनालीकडे निघालेला पहिला ट्रक हात करून थांबवला.

सरचूची अडचण नकाशात दिसते, पण आम्ही ती वाचली नव्हती. मागे फिरायचं तर ४८९० मीटरचा बारालाचा पुन्हा ओलांडावा लागतो, पुढे जायचं तर नाकी ला आणि लाचुंग ला. खाली उतरायला सरळ वाटच नाही. ट्रकच्या केबिनमध्ये भावाचं डोकं मांडीवर घेऊन बारालाचा चढताना मी त्याला दर दोन मिनिटांनी त्याच्या मुलीचं नाव विचारत होते. केलाँगला डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, दोन दिवस ठेवून घेतलं, तो पूर्ण बरा झाला. एक दिवस वाचवायला गेलो आणि अख्खा प्रवास गेला. भाऊ वाचला, तो एका परक्या बाईला दोरीवरून चालवून बघायचं माहीत होतं म्हणून.

तेव्हा ऐका. तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोजचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचीवर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसता बसून काढायचा. दिवसा वर चढून रात्री खाली झोपलात तर उत्तम. आता मी जाते ती अशी : मनालीत दोन दिवस, मग मढी, रोहतांग ओलांडून सिस्सू, जिस्पा, जिस्पात एक दिवस विश्रांती, मग पटसेओ, झिंगझिंगबार, सरचू. पुढे गाटा लूप्सची २१ वळणं आणि नाकी ला चढून व्हिस्की नाला, मग पांग, डेब्रिंग, टांगलांग ला ओलांडून रुमत्से, आणि लेह. दरड कोसळणं, बर्फ, आजारपण यांसाठी दोन दिवस वेगळे. एकूण सोळा. घरून जाण्या-येण्याचे दिवस यात धरलेले नाहीत.

डोकं दुखायला लागलं तर वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. चाल बिघडली, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला आला तर सकाळची वाट न बघता खाली. डायमॉक्स नावाचं औषध मदत करतं, पण ते तुमच्या डॉक्टरांना विचारून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. झोपेच्या गोळ्या आणि दारू, दोन्ही नको.

आणि रजा खरोखरच नऊ दिवसांची असेल तर हा रस्ता पुढच्या वर्षावर टाका. विमानानं लेहला उतरा, पहिले दोन-तीन दिवस सायकलला हातही लावू नका, मग सिंधूच्या काठानं ठिकसे, हेमिस, दुसऱ्या बाजूला आल्ची, जमलं तर लामायुरूपर्यंत जा. वाळवंट तेच, डोंगर तेच, आणि रोज रात्री झोपायला गाव. चौघांनी मिळून ठरवा, आणि चौघांतला सगळ्यात हळू जो असेल त्याला दिवस मोजायला सांगा.

माझ्याकडे १८ हजारांची एमटीबी (माउंटन बाइक) आहे, २४ गिअरची. ग्रुपमधले म्हणतात की टूरिंग सायकल घेतल्याशिवाय लडाखचा विचारही करू नको. कर्ज काढू का?
– एक वाचक, कोल्हापूर

अजिबात काढू नका. माझी पहिली सायकल याच पठडीतली होती आणि ती तीनदा लेहला पोचली.

पुढच्या सगळ्यात लहान चकतीला किती दाते आहेत आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला किती, ते मोजा. पुढे २२ आणि मागे ३२-३४ असतील तर तुम्ही सामानासकट कुठलीही खिंड बसून चढाल. रोड बाइकवाले तिथे उतरून ढकलताना दिसतात. टायर मात्र नवे घाला, जाड गोट्यांचे नकोत. डांबर आता बरंच झालं आहे. पूर्वी पांगच्या पुढच्या मोरे मैदानात टाचभर धुळीत चाकं रुतत होती आणि टांगलांग ला बराचसा कच्चा होता, ते दिवस गेले. तरी बर्फाचं पाणी रस्ता खातंच, म्हणून टायर रुंद हवेत, पावणेदोन ते दोन इंच.

सायकल दुकानात न देता स्वतः एकदा पूर्ण खोला. चेन तोडून जोडता आली पाहिजे, तुटलेला स्पोक बदलून चाकाचा आऊट काढता आला पाहिजे. मागचा गिअर ज्या छोट्या पत्र्याला टांगलेला असतो तो हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. सायकल आडवी पडली की पहिल्यांदा तोच वाकतो, आणि केलाँग ते लेह कुठल्याही दुकानात तो मिळणार नाही. एक जास्तीचा बरोबर हवाच. दोन ट्यूब, ब्रेक पॅड, चेनचे दोन जोड, गिअरची वायर, आणि कॅरिअरचे नटबोल्ट. कॅरिअरच्या बोल्टला लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावा. माझा एक बोल्ट गाटा लूप्सच्या खाली कुठेतरी गळून पडला होता, बॅगांसकट कॅरिअर चाकावर टेकला. ट्रकवाल्यानं टपावरच्या ताडपत्रीची बांधायची तार कापून दिली, ती सात वेढे घालून पिळली आणि लेहपर्यंत गेले. तेव्हापासून हातभर तार माझ्या हॅंडलच्या नळीतच असते.

आणखी एक : तेल थोडं लावा. तिथली धूळ पिठासारखी बारीक असते, ओल्या चेनवर बसली की ती कानशीसारखी दाते खाते. रोज संध्याकाळी फडक्यानं कोरडी पुसायची, दोन दिवसांनी थेंब थेंब.

तंबू, स्टोव्ह, धान्य सगळं न्यावं लागेल का? वाटेत खायला काय मिळतं?
– एक वाचक, ठाणे

जून अखेर ते सप्टेंबर मध्यापर्यंत जाणार असाल तर स्टोव्ह लागत नाही. झिंगझिंगबार, भरतपूर, सरचू, पांग, डेब्रिंग इथे हंगामी तंबूंचे ढाबे असतात. आत दोन्ही बाजूंना गाद्यांचा ओटा, रजया, मधे चूल. मॅगी, अंडी, डाळभात, राजमा. पांग ४६०० मीटरवर आहे. उंची दर ३०० मीटरनं वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १ अंशानं उतरतो, त्यामुळे पांगला पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे उघड्या पातेल्यात डाळ दिवसभर ठेवली तरी दाणा दाणाच राहते. म्हणून प्रत्येक तंबूत कुकर असतो आणि पहाटे सगळ्या पांगभर शिट्ट्या ऐकू येतात. दरवर्षी आठवीच्या वर्गात उत्कलनबिंदू शिकवताना मी त्या शिट्ट्या सांगते.

तंबू मात्र न्या, हलका का असेना. दरड आली, पंक्चरवर पंक्चर झाली, वाऱ्यानं अडवलं, तर पुढचा ढाबा वीस-तीस किलोमीटरवर असू शकतो. भूक तिथे मरते, म्हणून जे घशाखाली उतरतं तेच बरोबर ठेवा. मी शेंगदाण्याचे लाडू, खजूर आणि मेतकूट नेते; गरम भातावर मेतकूट घातलं की न खाणारा भाऊसुद्धा दोन घास खायचा.

पाणी चार-पाच लिटर प्या. घाम लगेच वाळून जातो, त्यामुळे अंगातून पाणी किती गेलं ते कळत नाही.

वाऱ्याबद्दल कुणी विचारलं नाही, पण सांगायला हवं. सकाळी निवांत असतं, ऊन चढलं की जमीन तापते आणि बारानंतर वारा उठतो. पांगच्या वर चाळीसेक किलोमीटरचं सपाट मैदान आहे, ४७०० मीटरवर. दुसऱ्या फेरीत पांगला चहा घेत रेंगाळले आणि दीड वाजता मैदानात शिरले. वारा समोरून. सपाट रस्त्यावर सगळ्यात हलका गिअर लावूनही ताशी सहा-सात किलोमीटर. समोरचा मैलाचा दगड दिसतो आणि येतच नाही. त्या दिवशी रडू आलं मला. आता मी साडेपाचला निघते आणि दुपारी एकच्या आत मुक्कामावर असते. नाल्यांसाठीही हेच. रात्री बर्फ गोठलेलं असतं, सकाळी नाला घोट्याएवढा. दुपारी तोच मांडीला लागतो आणि त्यातले दगड हलताना ऐकू येतात.

मी २४ वर्षांची आहे. एकटीनं जायचं आहे. आई नाही म्हणते. तिथे संडासाची, पाळीची सोय काय? आणि खरं सांगा, सुरक्षित आहे का?
– एक वाचक, नाशिक

आईला माझं हे उत्तर वाचून दाखव.

ढाबे बहुतेक बायकाच चालवतात. लाहौलच्या, लडाखच्या बाया, जूनमध्ये वर येतात, सप्टेंबरला तंबू गुंडाळून खाली जातात. तंबूत शिरताना 'जुले' म्हण. नमस्कार, धन्यवाद, येते, सगळ्याला तो एकच शब्द. एकटी आहेस म्हटल्यावर ती तुला आपल्या बाजूच्या ओट्यावर झोपवेल. मला चार फेऱ्यांत माणसांची भीती वाटेल असा प्रसंग आलेला नाही. भीती वाटली ती हवेची, पाण्याची आणि उतारावरच्या वेगाची. आणि त्या तिन्हींसाठी पहिल्या खेपेला सोबत हवी. तुझी चाल बिघडली तर ते तुला स्वतःला कळणार नाही, दुसऱ्यानंच बघावं लागतं. म्हणून पहिल्यांदा कुणाला तरी घेऊन जा, एकटी दुसऱ्यांदा जा. यात बाई-पुरुष असा फरक मी करत नाही.

मैदानात झाडाचा आडोसा नाही. मी सायकलच्या बॅगेत सगळ्यात वर घेरदार सुती परकर ठेवते. तो चढवायचा आणि रस्त्यापासून थोडं दूर खुशाल बसायचं. रात्री अंथरुणात पायांवर घ्यायलाही तोच. उंचीवर पाळी पुढेमागे होते, तारखेवर विसंबू नकोस. वापरलेले पॅड पुरू नकोस, तिथे थंडी आणि कोरड इतकी की काहीच कुजत नाही; तू पुरलेलं वर्षानुवर्षं तसंच राहील. दुहेरी पिशवीत बांधून लेहला ने. पाळीचा कप वापरत असशील तर घरी तीन-चार महिने सवय करून घे, आणि धुवायला बाटलीभर उकळलेलं पाणी वेगळं ठेव.

फोनचं आईला आधीच सांग. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घे. तरीही मधले दोन-तीन दिवस बोलणं होणार नाही असंच धरून चला. सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र परदेशातून मागवू नकोस. परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. माझी आई हयात असताना मी तिला मुक्कामांची यादी लिहून द्यायचे आणि ती रोज एक गाव पेनानं खोडायची. ती यादी अजून माझ्याकडे आहे.

वय ६१, रक्तदाबाची गोळी चालू आहे. रोज २५ किमी सायकल. जाऊ शकतो का?
– एक वाचक, सोलापूर

वयाची अडचण नाही. हृदयाची तपासणी करून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना "सायकलवर जातोय" एवढंच न सांगता "५३०० मीटरवर जातोय, पाच-सहा रात्री ४००० मीटरच्या वर झोपणार आहे" असं आकड्यांत सांगा. त्यांनी हो म्हटलं तर जा, आणि वर दिलेल्या सोळा दिवसांचे वीस करा. तुमच्याकडे तरुणांपेक्षा तेवढी तर श्रीमंती आहे.

बाई, तुम्ही लेखात त्याला वाळवंट म्हटलंय. पण तिथे बर्फ आहे, नद्या आहेत. मग वाळवंट कसं? आणि तिथली माणसं पाणी कुठून आणतात?
– इयत्ता आठवीतला एक विद्यार्थी, दहिवडी

आलेल्या सगळ्या पत्रांत मला तुझं पत्र जास्त आवडलं. दहिवडीच्या मुलाला हा प्रश्न पडणारच.

वाळवंट वाळूनं ठरत नाही, पावसानं ठरतं. माण तालुक्यात पाऊस कमी का, ते तुला ठाऊक आहे : ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि तुमच्या वाट्याला सावली येते. तिथे सह्याद्रीच्या जागी हिमालय आहे. रोहतांगच्या अलीकडे देवदार, चिखल, धबधबे. पलीकडे उतरलास की डोंगर उघडे होत जातात. लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पडतं. तुझ्या कंपासपेटीतली १५ सेंटिमीटरची पट्टी उभी धर आणि दहावर बोट ठेव. वर्षाचं सगळं पाणी एवढंच.

म्हणून तिथली शेती पावसावर नाहीच. वर हिमनद्या आहेत, त्या उन्हाळ्यात वितळतात, ते पाणी पाटानं गावात आणतात. पाटाला ते 'युरा' म्हणतात. कुणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचं हे बघायला गाव एक माणूस नेमतं, तो 'चुरपोन'. आपल्या पाटकऱ्यासारखाच. अडचण अशी की पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि हिमनद्या नीट वितळतात जूनमध्ये. यावर चेवांग नोरफेल या अभियंत्यांनी १९८७ पासून कृत्रिम हिमनद्या केल्या : हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गावाजवळ बांध घालून गोठवायचं, म्हणजे ते पेरणीच्या वेळी आधी वितळतं. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्याच पाण्याचा कारंजा करून बर्फाचा शंकू उभा केला. शंकूच का, हे तू शोध आणि मला लिही. इशारा देते : तेवढ्याच बर्फाचा ढीग आडवा पसरला तर ऊन किती जागेवर पडेल?

आता मी बघितलेलं सांगते. सरचूपासून पाच दिवस मला गवताच्या पिवळ्या झुपक्यांशिवाय हिरवं काही दिसलं नव्हतं. टांगलांग ला उतरून रुमत्सेत आले, तर रस्त्याच्या कडेला जवाची शेतं, इतकी हिरवी की डोळे बारीक करावे लागले. एक म्हातारी फावडं घेऊन पाटाशी वाकली होती. पाटाच्या तोंडाशी गवताची ढेप आणि दोन दगड लावलेले होते. तिनं एक दगड पायानं सरकवला, ढेप उचलून पलीकडच्या तोंडात दाबली, आणि पाणी वळलं. कोरड्या सरीत आधी फेस आणि काड्या आल्या, मागून पाणी. ती सरीच्या शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चालत गेली. मी सायकल आडवी टाकून तिच्या मागे गेले. शेवटच्या रोपापाशी पाणी पोचल्यावर तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि ओंजळ तोंडाला लावून दाखवली : पिणार का?